पाण्याचं पथ्य

"तूर, माणिकरावची अडत! एक वार... दोन वार..."

'तीन वार'साठी जानरावने छाती भरून श्वास घेतला आणि तो तसाच आत राहिला. हमाल, व्यापारी आणि उगीच उभे राहणारे यांच्यातून कोपरांनी वाट काढत एक बाई थेट ढिगापाशी आली होती. कारंजाच्या धान्यबाजारात बाया येत नाहीत असं नाही. सांडलेले दाणे झाडून घ्यायला येतात, पण कडेकडेने, पुरुषांचे पाय चुकवत. ही मधोमध आली आणि पुरुषांनीच पाय मागे घेतले. ती इंझोरीची लिलाबाई, जानरावची भिंतीला भिंत असलेली शेजारीण.

"जानरावभाऊ, उतरा खाली."

"बोली चालू हाये, लिलाबाई. जराक थांब."

"बोली गेली चुलीत. तुमच्या पंचफुलाले लघवीतून रगत जाऊन राह्यलं. कालपासून. अन् तुमी इथं तूर इकून राह्यले!"

माणिकराव अडत्या तळहातावरच्या तुरीकडे असं निरखून पाहू लागला, जणू तूर त्याने आजच पाहिली. मग कोणी खाकरलं, कोणी पिंक टाकली आणि बाजार पुन्हा बोलायला लागला. जानराव मात्र तसाच उभा होता. रक्ताची बातमी नीट आत उतरायच्या आधी दुसरंच एक त्याच्या ध्यानात आलं होतं, आणि त्याची लाज त्याला पुढे फार दिवस वाटत राहिली. 'लघवी' हा शब्द भर बाजारात बोलता येतो. बोललं तर काही होत नाही.

जानराव हा बाजार समितीचा बोली लावणारा माणूस. आवाज असा की जैन मंदिराच्या सावलीत बसलेल्या गाडीवानाला आपल्या मालाचं काय झालं ते जागेवरून न उठता कळावं. बोलण्यात मात्र मोठा काटकसरी. लांबण लावली की ढीग उन्हात राहतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे जे सांगायचं ते तो दोन-तीन शब्दांत बसवायचा, आणि बसवता येतं याचा त्याला थोडा गर्वही होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ठार बहिरी आई, भागिरथाबाई. धाकटा भाऊ पुंजाजी रेल्वेत गँगमन, खंडव्याकडे रुळांवर, कधीमधी घरी येणारा. आणि पुंजाजीची बायको पंचफुला, तिच्या दोन लहान पोरी.

पंचफुला त्याची भावसून, तो तिचा भासरा. या नात्यात बोलणं नसतं. तो उंबऱ्याशी खाकरतो, ती पदर ओढून आत सरकते. भाकर हवी असली तर तो आईला सांगतो, भाजीत मीठ कमी असलं तर भिंतीला. पंचफुला त्याला मोठेबाबा म्हणायची, पण त्याच्याशी नाही, पोरींशी: "जा वं, मोठेबाबाले पानी दे." या घराने दीक्षा घेतली तेव्हा देव सोडले, नवस सोडले, उपास सोडले. भासरा-भावसून काही सोडली नाही. ती कोणत्या देवाच्या नावावर नव्हती, त्यामुळे सोडायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

एस.टी.त लिलाबाई खिडकीशी बसली. तिच्या शेजारी जागा होती, तरी जानराव दांडीला धरून उभा राहिला.

"बसा ना. मी का चावून राह्यली?"

तो बसला, बाकाच्या टोकावर. बरीच वाट गेल्यावर म्हणाला, "कालपासून हाये तं मले कालच काहून नाई सांगतलं?"

"कोन सांगन? ती सांगन? तुमचं खाकरनं ऐकलं का ती चुलीमागं. आठ दिसापासून आग होऊन राह्यली म्हने तिले, तीही गिळून बसली होती. मले आज समजलं, धुन्यात लुगडं पाह्यलं तवा." लिलाबाईने पदराने गळा पुसला. "अन् पथ्य तं एवढं कडक पाळलं बाईनं! गोळी गिळाले एक घोट, बस. मंग दिवसभर घागरीकडे पाह्यलं नाई. ओठ फुटले तिचे. मी म्हनो, घोटभर पी वं, मरशीन. तं म्हने, नाई, मोठेबाबानं सांगतलं, पान्याचं पथ्य हाये."

जानरावने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"पान्याचं पथ्य," तो म्हणाला.

"हो ना. तुमीच तं बोंबलले होते आंगनातून. साऱ्या गल्लीनं ऐकलं."

गुळाचं पथ्य म्हणजे गूळ खायचा नाही. तेलाचं पथ्य म्हणजे तेलाला शिवायचं नाही. इंझोरीतच काय, साऱ्या वऱ्हाडात कोणालाही विचारा, पथ्य म्हटलं की वस्तू बंद. हे जानरावला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. तो काही विलायतेत वाढला नव्हता. तरी त्याने तोच शब्द वापरला होता. का, तेही त्याला ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. होळीच्या सुमाराला पंचफुलाच्या मानेत गाठी आल्या, काखेतही आल्या, अंग झडायला लागलं. कारंजाच्या डॉक्टरने नागपूरच्या मोठ्या दवाखान्याचा रस्ता दाखवला. पुंजाजीला रजा मिळेना, म्हणून जानरावच घेऊन गेला, सोबतीला लिलाबाई. गाठीचा तुकडा काढून तपासला, पुन्हा बोलावलं, आणि त्या खेपेला डॉक्टरने दारातून विचारलं, "पेशंटसोबत माणूस कोण आहे?"

माणूस म्हणजे पुरुष, हे तिथेही ठरलेलंच होतं. पंचफुला आणि लिलाबाई बाहेर बाकावर बसून राहिल्या, आणि जिच्या पोटात औषध जायचं होतं तिला सोडून सगळं ज्ञान जानरावला मिळालं.

डॉक्टर तरुण होता, भला होता, घाईत नव्हता. त्याने समजावून सांगितलं. हा कॅन्सर आहे, पण गोळीला दाद देणारा आहे. पूर्वी लढाईत एक विषारी वायू वापरायचे, ही गोळी त्याच्याच भावकीतली. भावकीतली म्हटल्यावर जानरावने गोळ्यांच्या बाटलीकडे जरा संशयानेच पाहिलं.

"जे भराभर वाढतं त्याला ही मारते," डॉक्टर म्हणाला. "गाठ वाढते, तिला मारेल. केसही वाढतात, तेही जातील, पुढे येतील. दर महिन्याला रक्त तपासावं लागेल, कारण रक्तालाही ही सोडत नाही. आणि आता नीट ऐका. हिचं विष लघवीवाटे बाहेर पडतं. ते आत साचून राहिलं तर मूत्राशय आतून भाजून काढतं. म्हणून गोळी सकाळीच घ्यायची, दिवसभर भरपूर पाणी प्यायचं, घागर रिकामी केली तरी चालेल, आणि दर दीड-दोन तासांनी लघवी करायची. तुंबवायची नाही. समजलं?"

"समजलं जी."

"तिला नीट सांगा."

"सांगतो जी."

परतीच्या एस.टी.त लिलाबाई तोंड उघडं टाकून झोपली होती. पुढच्या बाकावर पंचफुलाचा पदर झाकलेला पाठमोरा आकार हलत होता. जानराव मनातल्या मनात वाक्य लावत होता. तो शब्द भावसुनेसाठी उच्चारायचा? 'बाहेर जाणं' म्हणावं तर ते दुसरंच काही. आणखी दोन शब्द लावून पाहिले, ते पहिल्याहून वाईट. लिलाबाईला सांगावं? ती सांगेल, पण मग गल्लीभर नक्कल करेल, जानरावभाऊ भावसुनेच्या लघवीची राखन करते म्हणून. राहिली आई. तिला सांगायचं तर बाजारातला आवाज काढावा लागतो, आणि तो आवाज पारापर्यंत जातो.

शेवटी तो अंगणात उभा राहिला आणि आईच्या कानाशी वाकून ओरडला, "आई! तिले सांग! केस जातीन, मंग येतीन! मळमळ होईन, भ्याचं नाई! गोळी सकाळीच घ्याची! अन्..."

पलीकडच्या भिंतीवरून लिलाबाईचं डोकं वर आलं होतं. पारावरही दोघे-तिघे बसलेले. भरपूर पाणी प्यायचं म्हटलं की आई 'काहून?' विचारणार, आणि त्याचं उत्तर तोच शब्द.

"अन् पान्याचं पथ्य हाये!"

"कायचं?" भागिरथाबाई म्हणाली.

"पान्याचं! पथ्य!"

आत बांगड्या वाजल्या. म्हणजे ऐकलं. जानरावला हायसं वाटलं. बाकी सगळा माल त्याने घरपोच केला होता. एकच पोतं वाटेत उतरवलं होतं, आणि तेही कोणी मोजून घेणार नव्हतं.

चूक एवढ्यावर राहिली असती तर तिला चूक म्हणता आलं असतं. पण जानराव डोळे असलेला माणूस होता. आदल्या वर्षी पावसाने दगा दिलेला, विहिरी तळाला गेलेल्या, बाया लांबून घागरी आणत होत्या. अशा साली घरातलं एक माणूस पाणी कमी पितं हे कोणाला खुपत नाही. पंचफुलाने आणलेली घागर संध्याकाळी जवळजवळ तशीच असायची, हे त्याने पाहिलं होतं. पोरीच्या हातून पेला घेताना आत दिसणाऱ्या पंचफुलाच्या ओठांवरच्या भेगा त्याने पाहिल्या होत्या. इंझोरीच्या बाया दिवसाउजेडी आडोशाला जात नाहीत. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत धरून ठेवायचं हे पोरींना चालायच्या वयापासून शिकवतात. पण गेल्या आठवड्यात भर दुपारी पंचफुला डबा घेऊन नाल्याकडे जवळजवळ पळत गेली, पुन्हा गेली, पुन्हा गेली. दर वेळी जानरावने भल्या माणसासारखं तोंड फिरवलं. याला मर्यादा म्हणतात. मर्यादेच्या आड उभं राहिलं की माणसाला काही विचारावं लागत नाही, आणि आई तर म्हणतच होती की गाठी विरघळल्या, मान वळते, पोरगी जेवते. मग कशाला विचारा?

तो घरी पोचला तेव्हा उंबऱ्याशी खाकरला. सवयच ती. आत हालचाल झाली, कोणीतरी उठायचा प्रयत्न केला आणि खाली बसलं. त्या खाकरण्याचा त्याला असा राग आला की तो पुन्हा खाकरला नाही, सरळ आत गेला. पंचफुला पोत्यावर भिंतीला टेकून बसली होती. चेहरा झाकलेला. पायाची बोटं तेवढी दिसत होती, पांढरी.

"नागपूरले जाचं," तो आईला ओरडून म्हणाला. मग हळू आवाजात, कोणाकडेच न पाहता, "आत्ताच."

नागपूरला तोच डॉक्टर होता. यावेळी त्याने माणूस कोण म्हणून विचारलं नाही. पंचफुलाला खाटेवर घेतलं, नळीने लघवी काढली, आणि तिचा रंग पाहून त्याचा चेहरा उतरला. जानराव पडद्याशी उभा. लिलाबाई खाटेच्या पायथ्याशी.

"पाणी किती प्यायच्या तुम्ही?" डॉक्टर पंचफुलाला म्हणाला. "बाई, मी बजावून सांगितलं होतं. भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवू नका. सांगितलं होतं की नाही तुम्हाला?"

लिलाबाईने तोंड उघडलं. तिची नजर जानरावकडे वळली आणि तोंड तसंच उघडं राहिलं. तिला कळलं होतं.

जानरावला बोलायचं होतं. साऱ्या बाजाराला ऐकू जाणारा आवाज तो अजून शोधतच होता.

"सांगतलं होतं जी," पदराखालून पंचफुला म्हणाली. "माह्याच ध्यानात नाई राह्यलं."

डॉक्टर चिडला, मग त्याला तिची दया आली, मग त्याने कागदावर काही लिहिलं. "ही गोळी बंद," तो जानरावला म्हणाला. "आतली जखम भरेपर्यंत तर नाहीच, पुढेही देता येईल असं वाटत नाही. गाठींचं बघू. दुसरं औषध आहे, पण त्याला त्या किती दाद देतील सांगता येत नाही." आणि जाता जाता, कोणाला टोचावं म्हणून नव्हे, आपल्याशीच बोलावं तसं म्हणाला, "हे फार चांगलं लागू पडलं होतं हो."

जिच्या तोंडाला जानराव घाबरला होता ती लिलाबाई गप्प बसली आणि दुसऱ्या दिवशी पोरींकडे बघायला म्हणून इंझोरीला निघून गेली. निघताना एवढंच म्हणाली, "मले सांगतलं असतं तं हसली असती मी, हे खरं हाये. पन तिले सांगतलंही असतं."

आता पंचफुलाजवळ कोणी नव्हतं. बायांच्या वॉर्डात पुरुषाने थांबायचं नसतं, पण नर्सला दोन हात आणि खाटा पुष्कळ. तिने जानरावला दारातून आत ओढलं. "हिचे कोण तुम्ही? कोणी का असेना. तासातासाने पाणी पाजा आणि लघवी झाली की मला सांगा, रंग कसा होता तेही."

जानराव पेला घेऊन खाटेशी गेला. पंचफुलाने पदर ओढला आणि पदराच्या आत पेला नेऊन पाणी प्यायली. तो खाली, फरशीकडे पाहत उभा. वेळ गेला. पुन्हा पेला. मग विचारणं भाग होतं. त्याने छाती भरून श्वास घेतला.

"लघवी झाली काय?"

सगळा वॉर्ड वळून पाहायला लागला. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. जानरावच्या कानशिलांतून वाफ निघाली. पंचफुलाचा पदर हलायला लागला; ती रडते आहे असं त्याला वाटलं, मग कळलं की हसते आहे.

"झाली," पदरातून आवाज आला. "एवढ्यानं नाई बोंबलत, मोठेबाबा. मी का आत्याबाईसारखी बहिरी हाये?"

ती त्याच्याशी बोललेली पहिली गोष्ट ही होती.

संध्याकाळी त्याने स्टूल जरा जवळ ओढलं. आवाज कसा लहान करावा ते त्याला अजून नीट जमत नव्हतं. "पंचफुला, डाक्टरनं पानी प्या म्हनून सांगतलं होतं. घागरभर. म्या तुले..."

"मले समजलं. डाक्टर बोलला तवाच समजलं."

"मंग तू आपल्यावर काहून घेतलं?"

"तुमी तिथं उभे होते," ती म्हणाली.

एवढंच. त्यात माफी होती की नव्हती, हे जानरावने पुष्कळ उलटसुलट करून पाहिलं. तो आयुष्यभर लोकांच्या चेहऱ्यावरून ते किती वर चढतील हे ओळखत आला होता. पण इथे चेहरा पदराआड होता.

पुंजाजी चौथ्या दिवशी आला. गँगमनचे बूट, खांद्यावर पिशवी, डोळे लाल. पंचफुलाला भेटून बाहेर आला आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्याने जानरावचे पाय धरले.

"दादा, तुमी नसते तं माही पंचफुला गेली असती."

"पाय सोड."

"नाई सोडत."

"सोड म्हनतो ना! अरे, माह्यामुळंच झालं हे." आणि जानरावने सांगितलं. त्या दिवशी काटकसर केली नाही. डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं, आपण काय ओरडलो ते सांगितलं, घागर, ओठ, नाल्याकडची दुपार, सगळं. ज्या शब्दासाठी हे झालं तो शब्दही सांगितला, दोनदा.

पुंजाजी ऐकत होता. मग त्याने नाक पुसलं आणि भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमी तिचा दोष आपल्यावर घेऊन राह्यले दादा. तुमचा सभावच तसा. मी आत जाऊन आलो ना. तिनं मले सारं सांगतलं. म्हने, मोठेबाबानं बराबर समजावून सांगतलं होतं, माह्याच डोक्यातून गेलं."

पंचफुलाने आपली बोली आधीच लावून ठेवली होती, आणि त्या बोलीवर चढायला जानरावकडे काही नव्हतं.

"तसं नाई पुंजाजी..."

"राहू द्या. चहा पिता काय?"

भाऊ चहा आणायला गेला. पाणी पाजायची वेळ झाली होती. जानराव उठला, माठाशी जाऊन पेला भरला आणि वॉर्डात गेला. दुपारचं ऊन खिडकीतून पंचफुलाच्या खाटेवर पडलं होतं. त्याची पावलं तिने ऐकली असणार. तिने डोक्याकडे हात नेला, पण सलाईनची नळी लावलेला हात वर येईना. पदर खांद्यावरच राहिला. दुसरा हात तिने पेल्यासाठी पुढे केला.

जानरावने सवयीने तोंड फिरवलं. मग पुन्हा वळवलं.

केस राहिले नव्हते. चेहरा त्याला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होता, पुंजाजीच्या थोरल्या पोरीसारखा. ती डोळे मिटून पाणी पीत होती, थांबून थांबून, एकेक घोट. जबड्याच्या खाली, गळा जिथे ताणला जात होता तिथे, चिंचोक्याएवढी एक गाठ दिसत होती. तिच्या शेजारी आणखी एक, अजून बारीक. गाठींबद्दल तो इतके दिवस ऐकत आला होता. येतात, जातात, विरघळतात. पाहत होता आज.

पेला रिकामा झाला. तिने डोळे उघडले. तो बघतो आहे हे तिने पाहिलं आणि पदर शोधला नाही.

"अजून?" त्याने विचारलं, हळूच.

"द्या," ती म्हणाली.